दोनशे ग्रॅमचा हिशेब

‘स्टालिनने माणसं मारली हे कबूल, पण देश उभा केला की नाही? कालवे काढले, रेल्वे टाकली, खाणी खोदल्या. गोडीगुलाबीने हे झालं असतं का?’ हा युक्तिवाद मराठी वाचकाला नवा नाही. पूर्वी तो एका बाजूने ऐकू यायचा, आता दुसऱ्या बाजूनेही येतो. हुकूमशहाचं नाव तेवढं बदलतं. त्याला उत्तर देताना आपण बहुधा माणुसकीकडे वळतो आणि म्हणतो, इतके मुडदे पाडून होणारा विकास आम्हाला नको. उत्तर योग्य आहे. पण ते देताना समोरच्याची मूळ गोष्ट आपण न बोलता मान्य करून टाकतो, ती म्हणजे छळाने काम होतं. ती मान्य करण्याचं काहीच कारण नाही, आणि तसं का नाही हे ज्या पुस्तकात सर्वांत नेमकेपणाने दिसतं ते पुस्तक अर्थशास्त्राचं नाही. ती स्टालिनच्या सक्तमजुरीच्या छावणीतल्या एका कैद्याची छोटी कादंबरी आहे, अलेक्सांद्र सोल्झेनित्सिन यांची ‘इव्हान डेनिसोविचच्या आयुष्यातला एक दिवस’.

१९६२ च्या नोव्हेंबरमध्ये मॉस्कोच्या ‘नोव्ही मीर’ मासिकात ती छापून आली. संपादक अलेक्सांद्र त्वार्दोव्स्की यांनी ती थेट स्टालिननंतरचा सोव्हिएत सर्वेसर्वा ख्रुश्चोव्ह याच्यापर्यंत पोचवली आणि त्याच्या होकारानंतरच तिला शाई लागली. तेव्हापासून ती एका ठरावीक पद्धतीने वाचली जाते: मरणाच्या थंडीत, अर्धपोटी, तरीही न मोडलेला साधा माणूस, मानवी जिद्दीची गाथा. असं वाचणं खोटं नाही. पण त्यात सगळं लक्ष माणसाच्या मनाकडे जातं आणि त्याच्या हातातली भाकरी, थापी, टक्क्यांचा कागद या गोष्टी नेपथ्य होऊन मागे राहतात. ही कादंबरी दुकानाच्या रोजमेळासारखी वाचावी. किती आलं, किती गेलं, मधे कोणी किती खाल्लं, आणि संध्याकाळी शिल्लक काय.

लेखकाला हा हिशेब ऐकून माहीत नव्हता. तोफखान्यातला कॅप्टन असताना, फेब्रुवारी १९४५ मध्ये, मित्राला लिहिलेल्या पत्रांत स्टालिनवर टीका केली म्हणून त्याला आघाडीवरच अटक झाली आणि आठ वर्षांची सजा लागली. त्यातली १९५० ते १९५३ ही वर्षं कझाकस्तानातल्या एकिबास्तुझच्या छावणीत गेली. तिथे तो गवंडीकाम करत होता. हे ध्यानात ठेवलं की कादंबरीतली भिंत इतकी खरी का वाटते ते कळतं.

नायक इव्हान डेनिसोविच शुखोव्ह हा सामूहिक शेतीवरचा शेतकरी. १९४२ मध्ये त्याची तुकडी वेढ्यात सापडली, तो जर्मनांच्या हाती लागला, दोन-तीन दिवसांत निसटून परत आला आणि खरं सांगून बसला. म्हणजे हेर. सही केली नाही तर गोळी, केली तर निदान जगता येईल. त्याने सही केली. दहा वर्षं. गोष्ट घडते १९५१ च्या जानेवारीत, ‘विशेष छावणी’त. या विशेष छावण्या १९४८ पासून राजकीय कैद्यांसाठी वेगळ्या काढल्या होत्या: कपड्यांवर चार ठिकाणी रंगवलेला नंबर, रात्री बराकीला कुलूप, वर्षाला घरी फक्त दोन पत्रं.

सुरुवात भाकरीपासून करू. भाकरी म्हणजे आपली नव्हे. काळ्या पिठाचा ओलसर, जड पाव. सकाळी शुखोव्हच्या हातात जो तुकडा पडतो तो ५५० ग्रॅमचा असायला हवा. हजारो वेळा असे तुकडे हातात घेतलेल्या माणसाचा हात हाच तराजू असतो. त्याला कळतं की वीसेक ग्रॅम कमी आहेत. आश्चर्य त्याला वाटत नाही, कारण जो प्रामाणिक वजन करील तो पाव कापण्याच्या नोकरीवर टिकणारच नाही हे प्रत्येक कैदी जाणतो. प्रश्न एवढाच, की आज घट किती. दुपारच्या लापशीचंही तसंच. धान्य माणशी ५० ग्रॅमच्या हिशेबाने निघतं; एका टोळीचं, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या कैद्यांच्या गटाचं, किलोभर, सगळ्या कामाच्या जागेचं मिळून सोळा किलोच्या थोडं आत. एवढ्यावर आचारी जगतो, त्याचा मदतनीस जगतो, स्वच्छता तपासणारा जगतो, आणि ज्यांना आचाऱ्याने खूश ठेवायचं असतं ते सगळे आधी वाढून घेतात. उरलेलं कामगाराचं.

आता छावणीच्या व्यवस्थेचा गाभा. सगळ्यांना सारखं खायला मिळत नाही. जितकं काम तितकी भाकरी. ठरवून दिलेल्या मापाच्या वर गेलात तर शे-दोनशे ग्रॅम जास्त, खाली राहिलात तर शिक्षेची ३०० ग्रॅम. ऐकायला हे न्याय्य वाटतं, ‘जो कष्ट करील तो खाईल’ असं. शुखोव्ह म्हणतो की दोनशे ग्रॅमच इथे आयुष्यावर राज्य करतात, कैद्यांकडून खोदून घेतलेला बेलोमोर कालवा दोनशे ग्रॅमवरच बांधला गेला.

पण हा सौदा वजनकाट्यावर घालून पाहा. शंभर ग्रॅम काळ्या पावातून सुमारे २०० कॅलरी मिळतात, ओलसर पावातून त्याहूनही कमी. म्हणजे जादा दोनशे ग्रॅमची कमाई ४०० कॅलरी. गोठलेली जमीन पहारीने फोडणं, झाडं तोडणं, ठोकळे वर चढवणं अशा जड कामात तासाला तेवढ्याच कॅलरी सहज खर्च होतात, आणि उणे पंचवीस तापमानात शरीर गरम ठेवायला लागणारं इंधन वेगळं. जास्तीच्या तुकड्यासाठी माणसाने दोन तास जास्त जोर लावला की तो रोज थोडा थोडा तोट्यात जातो. तोटा आधी चरबीतून भरला जातो, मग स्नायूंतून. महिना-दोन महिन्यांनी तोच माणूस माप पूर्ण करू शकत नाही, मग त्याची भाकरी कमी होते, मग काम आणखी घटतं. छावणीत म्हणच होती, की लहान भाकरी मारत नाही, मोठी मारते. तरणेबांड, अंगापिंडाने मोठे, जिद्दीने कामाला भिडणारे लोक आधी संपायचे ते यामुळे. ज्या व्यवस्थेत उत्तम कामगार सगळ्यांत आधी मरतो, तिला कामाची व्यवस्था कसं म्हणायचं?

मग लोक जगत कसे होते? खोट्या आकड्यांवर. हे सांगताना जराही आडपडदा ठेवायची गरज नाही, कारण कादंबरीच ते उघड सांगते. एकशेचाराव्या टोळीचा नायक त्युरिन सकाळी कामाच्या जागी पोचल्यावर सर्वांत महत्त्वाची गोष्ट करतो ती कचेरीत बसून: टक्क्यांचा कागद तयार करणं. पोट कामापेक्षा या कागदावर जास्त अवलंबून असतं. जे झालं नाही ते झालं असं दाखवायचं. ज्याला दर कमी आहे ते जास्त दराच्या कामात बसवायचं. माप ठरवणाऱ्या कारकुनाशी संधान बांधायचं, आणि त्याला रिकाम्या हाताने भेटायचं नाही. त्या दिवशी त्युरिनचा कागद चांगला जमतो, म्हणजे टोळीला पाच दिवस बरी भाकरी. पाच तरी कुठले, चारच; एक दिवस छावणीचे अधिकारी सगळ्यांना किमान भाकरीवर ठेवून फरक स्वतःकडे वळवतात.

त्याच सकाळी टोळीवर आणखी एक संकट असतं. उघड्या माळावर ‘समाजवादी वसाहत’ उभी करायची आहे. तिथे आडोसा नाही, सरपण नाही. आधी खड्डे खणायचे, खांब रोवायचे आणि स्वतःलाच कोंडण्यासाठी तारांचं कुंपण घालायचं. महिनाभर शेक मिळणार नाही. ते टाळण्यासाठी त्युरिन काम वाटणाऱ्या मुख्य माणसाकडे अर्धा किलो, कदाचित किलोभर डुकराची चरबी घेऊन जातो. सोव्हिएत देशाने कोणती इमारत आधी बांधायची हा निर्णय त्या दिवशी एका टोळीपुरता किलोभर चरबीने झाला. नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेचा गौरव करणाऱ्यांनी या ओळीवर थोडं थांबावं.

खोट्या कामाला छावणीत शब्द होता, ‘तुफ्ता’. जंगलातल्या छावण्यांत ती कशी चालायची याची वर्णनं आहेत. मोजलेल्या ओंडक्याच्या टोकावर शिक्का मारलेला असे. कैदी त्या टोकाची पातळ चकती कापून टाकत. टोक पुन्हा ताजं दिसे, ओंडका पुन्हा मोजला जाई. न तोडलेलं लाकूड कागदावर आलं की पुढचा अधिकारीही ते मान्य करी, कारण त्याचंही माप त्यानेच पूर्ण होई. नदीतून वाहून नेताना ‘बुडालं’ असं लिहून शेवटी ते कागदावरूनच नाहीसं होई. पकडायचं कोणी? खालपासून वरपर्यंत प्रत्येकाची भाकरी, बक्षीस किंवा मान त्या न तोडलेल्या झाडावर टांगलेली. जिथे खरं सांगितलं की उपाशी मरावं लागतं, तिथे वर पोचणारा प्रत्येक आकडा फुगलेला असणार.

वेळेचा हिशेब याहून वाईट. पहाटे पाचला रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर हातोडा पडतो. उठणं, जेवणाची रांग, मग फाटकापाशी झडती. त्या दिवशी उणे साडेसत्तावीस आहे. उणे ४१ असतं तर कामाला नेलं नसतं, पण थर्मामीटर अशा आडोशाला टांगलेलं आहे की ते खरं दाखवणारच नाही, असं कैदी म्हणतात. झडतीत अंगरखे उघडायला लावतात, आत नियमाबाहेरचा एखादा बंडी-सदरा असेल तर काढून घेतात. मग पाच-पाचच्या ओळींत मोजणी. कामावर पोचल्यावर अवजारांची वाटप. संध्याकाळी पुन्हा मोजणी, आणि त्या दिवशी नेमका एक माणूस कमी भरतो. दुरुस्तीच्या कामात परांचीवर झोप लागलेला मोल्दाव्हियाचा एक कैदी. तो सापडेपर्यंत शेकडो माणसं अर्धा तास आणि वर बर्फात उभी. छावणीच्या फाटकाशी परत मोजणी, परत झडती, बराकीत परत मोजणी. यात पहारेकरी, कुत्री, मनोरे, ताफ्याचे सैनिक यांचा पगार आणि अन्न मिळवा. एका माणसाकडून विटा लावून घ्यायला किती माणसं नुसती उभी राहतात ते पाहा.

झडतीत नौदलाचा कॅप्टन बुइनोव्स्की ओरडतो, की थंडीत माणसाचे कपडे उतरवण्याचा तुम्हाला हक्क नाही, कायद्याचं नववं कलम वाचा. दहा दिवस अंधारकोठडी. तिथे दिवसाला ३०० ग्रॅम भाकरी, गरम सूप तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या दिवशीच. दहा दिवस नेमाने काढले तर जन्माची तब्येत जाते, क्षय होतो; पंधरा काढले तर माणूस मातीत, असं कादंबरीच सांगते. जहाज चालवणारा, शिकलेला, धडधाकट माणूस एका वाक्यासाठी कायमचा निकामी केला जातो. या नुकसानाला कोणत्याही जमाखर्चात खातं नव्हतं.

आता त्या भिंतीकडे येऊ, कारण विरुद्ध बाजूचा सगळ्यात मजबूत पुरावा तीच आहे. औष्णिक वीजकेंद्राच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर शुखोव्ह राखेच्या ठोकळ्यांची भिंत बांधतो, आणि इतकी सुंदर बांधतो की वाचणाऱ्याचे हात शिवशिवतात. दिवस संपल्याचा ठोका पडला तरी उरलेला माल वाया जाऊ नये म्हणून तो थांबून राहतो. ख्रुश्चोव्हला हाच प्रसंग आवडला होता असं सांगतात. मग झालंच की काम! कैदी असूनही माणूस जीव ओतून बांधतोय!

हो, भिंत उभी राहते. पण ती कशी उभी राहते ते क्रमाने बघा. कडक थंडीत बांधकामाची अडचण अशी, की मालातलं पाणी सिमेंट धरायच्या आत गोठतं, गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि सांधा आतून मोकळा होतो. वसंतात बर्फ वितळलं की भिंत खिळखिळी. म्हणून पाणी आणि रेती दोन्ही तापवावी लागतात, माल वाफाळता वर आणावा लागतो, आधीच्या थरावरचं बर्फ कुऱ्हाडीने खरवडून काढावं लागतं, ठोकळ्याखाली लागेल तेवढाच माल टाकावा लागतो, आणि ठोकळा पहिल्याच झटक्यात दोरीला आणि ओळंब्याला बरोबर बसवावा लागतो. तिरका बसला आणि क्षणभर उशीर झाला तर तो तिथेच चिकटला, मग हलवायची सोय नाही. यासाठी काय हवं? चूल, सरपण, वारा अडवायला खिडक्यांवर काहीतरी, ठोकळे वर न्यायला यंत्र, आणि हाताला बसलेली थापी.

यातलं छावणीने काय दिलं? यारी बंद पडलेली, म्हणून ठोकळे हातांनी खालून वर पोचवायचे. खिडक्या उघड्या, त्या झाकायला शुखोव्ह आणि लाटव्हियाचा किल्गास दुसरीकडून डांबरी कागदाची गुंडाळी उचलून आणतात, दोघांच्या मधे उभी धरून, म्हणजे लांबून तिसरा माणूस चालल्यासारखं दिसेल. सरपण म्हणजे तयार घरांच्या बांधणीसाठी आलेल्या फळ्या. आणि थापी? अवजारांच्या कोठीतून रोज नवी, कशीही मिळते, म्हणून शुखोव्हने एक चांगली थापी हिशेबात घोळ करून कधीचीच दडवून ठेवलेली आहे. रोज संध्याकाळी ती पुन्हा लपवतो. देखरेख करणारा देर डांबरी कागद पाहून त्युरिनला नव्या सजेची धमकी देतो, तेव्हा सगळी टोळी हातात अवजारं घेऊन त्याच्याभोवती उभी राहते आणि तो चूप होतो.

म्हणजे भिंतीला लागलेली प्रत्येक आवश्यक गोष्ट चोरून, लपवून, लाच देऊन किंवा दम देऊन मिळवलेली आहे. त्या दिवशी छावणीचे सगळे नियम पाळले असते तर भिंत उठलीच नसती. शुखोव्हचं कसब छावणीने घडवलेलं नाही. ते तो गावाकडून घेऊन आला होता आणि छावणीच्या तावडीतून वाचवत होता, जसा तो आपला चमचा वाचवतो, स्वतः वाळूत अॅल्युमिनियम ओतून केलेला, बुटात खोचून ठेवलेला. कैद्याच्या अंगात उरलेल्या या कसबाचं श्रेय कैद करणाऱ्याला देणं हा अन्याय आहे, आणि ‘देश उभा केला’ म्हणणारे नेमकं तेच करतात.

या वाचनावर एक आक्षेप आहे आणि तो गंभीर आहे. लेखक वार्लाम शालामोव्ह, ज्यांनी १९३७ पासून पुढची किती तरी वर्षं ईशान्य सैबेरियातल्या कोलिमाच्या छावण्यांत काढली, त्यांनी कादंबरी छापून येताच सोल्झेनित्सिन यांना लांबलचक पत्र लिहिलं. कौतुक भरभरून केलं, पण एक गोष्ट दाखवली: तुमच्या छावणीत दवाखान्याजवळ मांजर फिरतंय. खऱ्या छावणीत ते केव्हाच खाल्लं गेलं असतं. त्यांचा मुद्दा बरोबर होता. १९५१ ची एकिबास्तुझ ही १९३८ ची कोलिमा नव्हे. शुखोव्हलाही हे ठाऊक आहे; त्याचे दात १९४३ मध्ये उस्त-इझ्माच्या आधीच्या छावणीत स्कर्व्हीने पडले, तिथे मरता मरता तो वाचला, आणि त्या मानाने इथे त्याला शांत वाटतं. म्हणून ही कादंबरी ‘टिकून कसं राहावं’ याचं मार्गदर्शन म्हणून वाचू नये. ताटं चाटणारा, दवाखान्यावर भरवसा ठेवणारा आणि अधिकाऱ्याच्या कानाला लागणारा आधी मरतो, हा शुखोव्हच्या पहिल्या टोळीनायकाने सांगितलेला धडा हल्ली प्रेरणादायी सुविचारासारखा फिरतो. कोलिमाच्या सोन्याच्या खाणीत ताट न चाटणारेही मेले. शालामोव्हचं म्हणणं होतं की छावणीचा अनुभव पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत निव्वळ हानीचा असतो, त्यातून कुणी काही शिकत नाही. जगले त्यांच्या गुणांचं कौतुक करताना मेलेल्यांत ते गुण नव्हते असं नकळत म्हटलं जातं. ते म्हणायचा आपल्याला हक्क नाही.

पण शालामोव्हच्या आक्षेपाने हिशेब बदलत नाही, उलट पक्का होतो. सौम्य छावणीतला, सुदैवी दिवसातला, कुशल माणसाचा ताळेबंद जर असा असेल, तर इतर दिवसांचा आणि इतर माणसांचा काय असेल?

छावण्यांनी बांधलेल्या मोठ्या कामांकडेही याच नजरेने पाहावं. श्वेत समुद्र ते बाल्टिक कालवा म्हणजे बेलोमोर: २२७ किलोमीटर, नोव्हेंबर १९३१ मध्ये सुरू, १९३३ च्या उन्हाळ्यात पूर्ण. कुदळ, पहार, लाकडी ढकलगाड्या. यंत्रं जवळपास नाहीतच. सरकारी नोंदींनुसारही बारा हजारांवर माणसं तिथे मेली. घाईत खोली साडेतीन मीटरच्या आसपास ठेवली आणि मोठी जहाजं जाणार कशी हा प्रश्न राहिला. ऑगस्ट १९३३ मध्ये सव्वाशेच्या आसपास लेखकांना तिथे फिरवून आणलं, त्यातल्या छत्तीस जणांनी मॅक्झिम गॉर्की यांच्या संपादनाखाली गौरवग्रंथ लिहिला. तीन-चार वर्षांत तोच ग्रंथ मागे घ्यावा लागला, कारण त्यात गौरवलेले अधिकारीच अटकेत गेले होते. सोल्झेनित्सिन १९६६ मध्ये त्या कालव्याकाठी आठ तास बसले. दोन बोटी गेल्या, एक इकडून आणि एक तिकडून, दोन्हींत लाकूडच.

सालेखार्द ते इगार्का हा लोहमार्ग उत्तर ध्रुववृत्ताच्या आसपास दलदल आणि गोठलेल्या मातीवर १९४७ ते १९५३ टाकत होते. उन्हाळ्यात वरची माती वितळली की रूळ लाटांसारखे वरखाली व्हायचे, भराव खचायचे. बाराशे-तेराशे किलोमीटरच्या बेतापैकी निम्मा मार्ग झाला आणि स्टालिन गेल्यावर काही आठवड्यांत काम बंद. आज त्याला ‘मृत मार्ग’ म्हणतात.

आणि इथे सगळ्यांत बोलकी साक्ष येते, ती खुद्द लाव्हरेन्ती बेरियाची. स्टालिन ५ मार्च १९५३ ला वारला. त्याच महिन्यात, गुप्त पोलिसांचा प्रमुख म्हणून छावण्यांचा कारभार वर्षानुवर्षं पाहिलेल्या बेरियाने वीसेक प्रचंड प्रकल्प थांबवण्याचा प्रस्ताव मांडला. हा लोहमार्ग, सखालिनचा बोगदा, तुर्कमेन कालवा, सगळे त्यात. २७ मार्चला माफी जाहीर झाली आणि सुमारे पंचवीस लाखांपैकी बारा लाख कैदी सुटले. शुखोव्हसारखे लांब मुदतीचे राजकीय कैदी त्यात नव्हते. दयाळूपणा बेरियाच्या अंगात कणभर नव्हता. त्याच्यासमोर वह्या होत्या. त्याआधी १९५० मध्येच कैद्यांना मजुरी द्यायला सुरुवात करावी लागली होती, कारण भुकेच्या भीतीने काम पुढे सरकत नव्हतं. ज्यांनी ही व्यवस्था चालवली त्यांनी तिच्यावरचा विश्वास सोडला होता, आणि आपण अजून तिच्या कर्तबगारीचे दाखले देतो.

इथे कोणी म्हणेल की कैद्यांनी उत्तर सैबेरियात उभारलेलं नोरिल्स्क शहर आजही उभं आहे, निकेल निघतंय, कोलिमाचं सोनं तर खरंखुरं निघालं. खरं आहे. गुलामांकडून काहीच निघत नाही असं म्हणणं चूक ठरेल. सोनं, कोळसा, लाकूड निघालं. पण छावणीच्या जमाखर्चात एक मोठी रक्कम लिहिलीच जात नव्हती: उचलून आणलेला माणूस. १९३० ते १९५३ या काळात गुलागच्या, म्हणजे या सक्तमजुरीच्या यंत्रणेच्या, छावण्या आणि वसाहतींतून सुमारे एक कोटी ऐंशी लाख माणसं गेली. दप्तरात नोंदलेले मृत्यू पंधरा लाखांच्या वर आहेत, आणि तो आकडाही अपुरा आहे, कारण मरायला टेकलेल्यांना ‘सोडून’ देऊन ते मृत्यू छावणीच्या खात्यातून काढण्याची रीत होती. मरणातसुद्धा तुफ्ता. अभियंता, शेतकरी, डॉक्टर, सुतार, नौदल अधिकारी यांना फुकट मिळालेला कच्चा माल समजलं की कोणताही धंदा नफ्यात दिसतो. स्टालिननंतर नोरिल्स्कमध्ये लोकांना राहायला लावायचं तर उत्तरेचा जादा भत्ता द्यावा लागला. त्या कामाची खरी किंमत ती होती.

महाराष्ट्रात हा विषय हळवा आहे, आणि त्यामागचं कारण क्षुल्लक नाही. अण्णाभाऊ साठे यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला तेव्हा हिटलरला अडवणारी ती खरोखर एकमेव मोठी फौज होती. १९६१ मध्ये ते रशिया पाहून आले आणि त्यावर लिहिलं. पुढे सोव्हिएत प्रकाशनांची स्वस्त, देखणी पुस्तकं घराघरांत आली, मुलं त्यांवर वाढली. ते प्रेम खोटं नव्हतं आणि ते कुणी नाकारूही नये. पण त्याच देशात वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, सरोजिनी नायडूंचे भाऊ, आणि अवनी मुखर्जी हे दोन भारतीय क्रांतिकारक १९३७ मध्ये गोळी घालून मारले गेले, हे त्या देखण्या पुस्तकांत कधी आलं नाही. शुखोव्हबरोबर बुखेनवाल्ड या नाझी छळछावणीतून वाचून आलेला सेन्का क्लेव्हशिनही भिंत बांधतो. हिटलरला हरवणारे सैनिक छावणीत होते. त्यांच्या विजयाचा मान राखायचा तर त्यांच्या कैदेबद्दल गप्प बसून चालणार नाही.

रशियात या कादंबरीचं पुढे जे झालं त्यातून ती कशी वाचली जावी असं सत्तेला वाटतं हेही समजतं. ख्रुश्चोव्ह असेपर्यंत ती गौरवली गेली, तरी १९६४ मध्ये लेनिन पारितोषिक हुकलं. १९७४ च्या फेब्रुवारीत लेखकाला देशाबाहेर काढलं आणि त्याची पुस्तकं ग्रंथालयांतून उचलली. सोव्हिएत संघ गेल्यावर ती परत आली, शाळेच्या अभ्यासक्रमात बसली, आजही मुलं शुखोव्हवर निबंध लिहितात. मात्र ज्या ‘मेमोरियल’ संस्थेने तीस लाखांहून जास्त बळींची नावं एकत्र केली, ती २८ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बरखास्त झाली. पेर्म-३६ या छावणीच्या जागी उभारलेलं संग्रहालय आधीच मूळ संस्थापकांच्या हातून गेलं होतं. मॉस्कोतलं गुलाग संग्रहालय २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अग्निसुरक्षेचं कारण देऊन बंद केलं. सोशिक, जिद्दी, देवभोळ्या शेतकऱ्याची गोष्ट चालते. नावनिशीवार यादी चालत नाही. म्हणूनच ही कादंबरी नुसती जिद्दीची गाथा म्हणून वाचली तर कुणाचीच अडचण होत नाही.

‘मेमोरियल’चे लोक दर वर्षी २९ ऑक्टोबरला मॉस्कोच्या लुब्यांका चौकात, गुप्त पोलिसांच्या मुख्यालयासमोर सोलोव्हेत्स्की बेटांवरच्या जुन्या छावणीतून आणलेल्या दगडापाशी, रांगेत उभे राहून कागदावरून वाचत. भाषण नाही, कविता नाही. नाव, वय, काय काम करत होता, गोळी घातल्याची तारीख. मग पुढचा माणूस माइकपाशी येई. सकाळी दहापासून रात्री दहापर्यंत. २०२० पासून त्या चौकात वाचायला परवानगी मिळत नाही.